कोंबड्या पाळायच्यात? रोजच्या ताज्या अंड्यासोबत हेही घरी येतं!

इन्स्टाग्रामवर हल्ली एक रील हमखास समोर येतं. मागे कौलारू घर, पुढे हिरवीगार परसबाग, टोपलीत पाच-सहा तपकिरी अंडी आणि मांडीवर निवांत बसलेली गुबगुबीत कोंबडी. खाली कमेंट ठरलेली, "आयुष्य असावं तर असं!" मग बघणारा आपल्या बंगल्याच्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघतो आणि 'कोंबडीची पिल्लं कुठे मिळतील' हे शोधायला लागतो.

गावाकडच्या आजीला हे रील दाखवलं, तर तिला हसू येईल. तिच्या अंगणात कायम दहा-बारा कोंबड्या असायच्या. अंडी विकून आलेले पैसे तिच्या हक्काचे. पाहुणा आला की त्यातली एखादी कमी व्हायची आणि त्याचं कुणाला फार वाईटही वाटायचं नाही. तिच्या कोंबड्यांना नावं नव्हती. तांबडी, ठिपक्यांची, लंगडी एवढ्यावर काम भागायचं.

आता हौसेनं पाळलेल्या कोंबड्यांना राणी, चिकू, मैना अशी नावं असतात, आणि नाव ठेवलं की हिशोब बदलतो. कुत्रा-मांजर आणताना त्याचं शेवटी काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. गवारीचं रोप उपटताना कुणी रडत नाही. कोंबडी या दोन्हींच्या मध्ये येते. ती पाळीवही असते आणि ताटातलीही. तिला पाळण्यातला आनंद आणि त्रास, दोन्ही इथूनच सुरू होतात.

कोंबडी आली कुठून?

आपल्या अंगणातल्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत तो आजही आढळतो. माणसानं त्याला नेमकं कधी माणसाळवलं यावर बरीच वर्षं वाद होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी सापडली. त्यांचा काळ साधारण इ.स.पू. १६५० ते १२५० असा आहे. भात आणि बाजरीसारख्या पिकांमुळे रानकोंबडे माणसाच्या वस्तीजवळ आले असावेत, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.

यात सह्याद्रीचाही वाटा आहे. महाबळेश्वर, कोयना, आंबोलीच्या जंगलात पहाटे जो आरवतो तो करडा रानकोंबडा. अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात. त्यामागचं जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आलं असल्याचं २००८ च्या एका अभ्यासात दिसून आलं.

हे सांगायचं कारण एवढंच, की हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही कोंबडीतलं रान गेलेलं नाही. संध्याकाळ झाली की उंच जागी जाऊन बसणं, दिवसभर माती उकरणं, घारीची सावली दिसताच झुडपात पळणं हे सगळं तिथूनच आलं आहे. हे लक्षात घेतलं की तिच्या बऱ्याच सवयी समजतात.

पहिला आनंद : एकीसारखी दुसरी नसते

कोंबडीला बावळट समजायची आपल्याकडे पद्धत आहे. चार कोंबड्या महिनाभर पाळल्या की हा समज टिकत नाही.

एक कोंबडी हावरट असते, माणूस दिसला की धावत येते. दुसरी कायम दोन हात लांब राहते. तिसरीला कुंपणापलीकडचंच गवत खायचं असतं. आणि यांच्यात कोण मोठं, कोण धाकटं हे पक्कं ठरलेलं असतं. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्डरप-एबे यांना लहानपणापासून कोंबड्यांचं वेड होतं. कोण कुणाला टोचतं याच्या ते नोंदी ठेवत. त्यातूनच १९२१ मध्ये त्यांनी कोंबड्यांमधली 'टोचण्याची उतरंड' मांडली. वरची कोंबडी खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. दाणे आधी कुणी खायचे, रात्री चांगली जागा कुणाला, हे सगळं त्यावर ठरतं. आज ऑफिसातल्या वरिष्ठ-कनिष्ठांसाठी इंग्रजीत जो शब्द सर्रास वापरतात, तो मूळचा कोंबड्यांच्या या खुराड्यातला आहे.

त्यांची भाषाही आहे. अभ्यासकांनी कोंबड्यांचे दोन डझनांच्या आसपास वेगवेगळे आवाज नोंदवले आहेत. आकाशात घार दिसली तर कोंबडा वेगळा आवाज काढतो आणि जमिनीवरून मांजर आलं तर वेगळा. पहिल्या आवाजाला कोंबड्या दबून बसतात किंवा आडोसा गाठतात, दुसऱ्याला मान ताठ करून इकडेतिकडे बघतात. चांगला किडा सापडला तर कोंबडा तो स्वतः न खाता उचलतो, टाकतो आणि कोंबड्यांना बोलावतो.

धुळीची आंघोळ तर बघण्यासारखी असते. कोंबडी कोरड्या मातीत खड्डा करते, त्यात आडवी पडते, पंख फडफडवून सगळी धूळ पिसांत भरून घेते आणि डोळे मिटून पडून राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कोंबडी मेली की काय! खरं तर यामुळे उवा आणि पिसवा आटोक्यात राहतात.

कोंबडी किती जगू शकते याचाही अनेकांना पत्ता नसतो. नीट सांभाळली तर पाच ते आठ वर्षं सहज. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली पीनट नावाची छोटीशी कोंबडी तर तब्बल २१ वर्षं जगली. जगातली सर्वांत वयस्कर कोंबडी म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली आणि २०२३ च्या नाताळच्या दिवशी ती गेली.

दुसरा आनंद : कोमट अंडं

खुराड्यात हात घालावा आणि नुकतंच घातलेलं कोमट अंडं हाताला लागावं, हा आनंद सांगून कळत नाही. लहान मुलं तर शाळेत जायच्या आधी खुराड्याकडे धावतात.

एक मोठा गैरसमज इथेच दूर करायला हवा. अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. कोंबडा नसेल तर अंड्यातून पिल्लू निघणार नाही, एवढाच फरक.

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळपास २० तास फक्त कवच तयार होण्यात जातात. म्हणूनच आज सकाळी आठला अंडं देणारी कोंबडी उद्या नऊच्या सुमारास देते, परवा आणखी उशिरा आणि मग एक दिवस सुट्टी घेते. थंडीत दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, कारण भरपूर अंडी देण्यासाठी तिला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. पिसं गळून नवी येतात त्या काळातही अंडी थांबतात.

एका कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून ते मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. त्यामुळे नुसते तांदळाचे दाणे आणि उरलेली भाकरी टाकून भागत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारं खाद्य किंवा त्या जोडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा लागतो.

आता पैशांचं. चार कोंबड्यांना रोज साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १३ ते १४ किलो खाद्य लागतं. त्यात खुराडं, जाळी, औषधं धरली तर घरचं अंडं दुकानातल्या अंड्यापेक्षा स्वस्त पडणं कठीण असतं. तपकिरी कवचाचं अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असतं, हेही खरं नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो. पैसे वाचवायला म्हणून कोंबड्या पाळणारे लवकर कंटाळतात, हौस म्हणून पाळणारे टिकतात.

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमधून उघडकीला आलेला कडकनाथ घोटाळा अनेकांना आठवत असेल. काळ्या कोंबड्यांतून झटपट पैसा मिळेल या आशेनं हजारो शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि ते बुडाले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची अस्सल जात आहे, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दोष त्या बिचाऱ्या कोंबडीचा नव्हता. पण 'घरबसल्या कमाई' असं सांगून कुणी पिल्लं विकत असेल, तर आधी हात खिशावर ठेवलेला बरा.

खुडूक कोंबडी आणि २१ दिवस

एक दिवस कोंबडी अंड्यांवरून उठायलाच तयार होत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, हाताला टोचते. ती आजारी नसते, खुडूक बसलेली असते. खाली अंडी नसली तरी ती रिकाम्या जागेवर बसून राहते. दिवसातून एकदाच उठते, पटकन खाऊन-पिऊन परत येते. या काळात तिचं वजनही उतरतं.

कोंबडा असेल आणि अंडी फळलेली असतील, तर २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. बाहेर यायच्या आदल्या दिवशीच ती कवचातून चिवचिवतात आणि आई त्यांना हलक्या आवाजात उत्तर देते. कवचाला कान लावून हा आवाज ऐकलेली मुलं तो विसरत नाहीत.

आईच्या पंखाखालून पाच-सहा चोची एकदम बाहेर डोकावतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे मोबाईल बाहेर येतात. पण निसर्गाचा साधा हिशोब असा, की यातली निम्मी पिल्लं नर असतात. दीड-दोन महिन्यांपर्यंत साध्या डोळ्यांना ते ओळखूही येत नाहीत. आणि इथून दुसरी बाजू सुरू होते.

कोंबडा नावाचा प्रश्न

एका कळपाला एक कोंबडा पुरे होतो. दोन असले तर भांडणं, तीन असले तर रक्तबंबाळ. कोंबड्या कमी आणि कोंबडे जास्त असले तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटली जातात. शिवाय बांग.

कोंबडा सूर्य बघून आरवतो असं वाटतं, पण त्याच्या शरीरातच घड्याळ असतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कोंबड्यांना सतत मंद उजेड असलेल्या खोलीत ठेवून पाहिलं. बाहेर दिवस आहे की रात्र हे कळायला वाव नसतानाही ते आपल्या ठरलेल्या वेळी आरवत राहिले. २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गंमत दाखवून दिली. पहिली बांग नेहमी कळपातल्या सर्वांत वरच्या कोंबड्याची असते, बाकीचे उतरंडीप्रमाणे मागून आरवतात.

त्यामुळे कोंबड्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवण्याचे उपाय फारसे चालत नाहीत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण बांग देणाऱ्यालाही लागू पडते!

शेजारी वैतागतात आणि त्यांची काही चूक नसते. फ्रान्समध्ये तर हे प्रकरण कोर्टात गेलं. ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या बांगेवर, सुट्टीत तिथं येणाऱ्या शेजाऱ्यांनी आक्षेप घेतला. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टानं मॉरिसच्या बाजूनं निकाल दिला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सनं गावाकडचे आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाही केला. मात्र पुण्या-ठाण्यातल्या सोसायटीत मॉरिसचा दाखला देऊन उपयोग नाही. तिथे सोसायटीचे आणि महापालिकेचे नियम आधी विचारावे लागतात.

मग वाढलेल्या कोंबड्यांचं करायचं काय? कुणाला फुकट द्यायचं म्हटलं तरी ते कुठे जाणार, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. हौशी माणसाला पहिला धक्का बसतो तो इथे.

मोठ्या उद्योगात हा प्रश्न आणखी कठोरपणे सोडवला जातो. अंड्यांसाठीच्या जातींच्या नर पिल्लांना बाजारात किंमत नसते, म्हणून जगभर ती जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अशा पिल्लांना गुलाबी, हिरवा, निळा रंग देऊन जत्रेत आणि आठवडी बाजारात खेळण्यासारखं विकलं जातं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करत न्यावी लागते. बुटाच्या खोक्यात ठेवलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत मरतं ते बहुतेकदा थंडीनं. मूल रडतं, घरचे म्हणतात, "दुसरं आणू." आणायचंच असेल तर आधी ऊब देणारा दिवा आणावा, मग पिल्लू.

एका रात्रीत रिकामं झालेलं खुराडं

कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला एक सकाळ अशी येते. खुराड्याचं दार उघडं, अंगणभर पिसं आणि आत शांतता.

कोंबडी सगळ्यांनाच आवडते. दिवसा मुंगूस आणि भटकी कुत्री, वरून घार, रात्री रानमांजर आणि उदमांजर, पिल्लांवर घूस आणि साप. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे ती पळायचा प्रयत्नही करत नाही. बंद जागेत घुसलेला शिकारी एक उचलून निघून जात नाही. फडफड चालू असेपर्यंत तो मारतच राहतो. म्हणून खाल्लेली एक आणि नुसत्या मारलेल्या पाच, असं दृश्य दिसतं.

यात सर्वांत जास्त फसवते ती षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी, जिला सगळे कोंबडीची जाळीच म्हणतात. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगूस खालून उकरून येतं. म्हणून खुराड्याला जाड तारेची, बारीक चौकोनांची वेल्ड केलेली जाळी लागते. तीही जमिनीत फूटभर पुरलेली. कडी अशी हवी की नुसती ढकलून उघडणार नाही. आणि घरातल्या एकानं रोज संध्याकाळी कोंबड्या मोजून दार लावायचं. बहुतेक खुराडी लुटली जातात ती 'आज तू लावलंस ना?' या एका प्रश्नामुळे.

सकाळी चांगली होती, संध्याकाळी गेली

कोंबडी हा शिकार होणारा पक्षी आहे. अशक्तपणा दिसला की शिकारी टिपतो आणि कळपातल्या कोंबड्याही टोचतात. त्यामुळे आजार लपवणं तिच्या रक्तात असतं. ती मान पाडून कोपऱ्यात बसलेली दिसते तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पाळणाऱ्याला मात्र 'सकाळी तर खात होती' हेच आठवत राहतं.

सर्वांत भीतीदायक आजार म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून आपल्याकडे हे नाव पडलं, बाहेर त्याला न्यूकॅसल म्हणतात. हिरवट जुलाब, धाप, वाकडी झालेली मान आणि काही दिवसांत अख्खा कळप साफ. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, नंतर बूस्टर, आणि दीड-दोन महिन्यांच्या वयात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो.

हौशी माणसाची अडचण अशी, की ही लस शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांच्या कुपीत येते. थंड साखळीत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? यावर साधा मार्ग आहे. तालुक्याच्या किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून, आजूबाजूच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण करून घ्यायचं.

शहरात तर कोंबडी तपासणारा डॉक्टर मिळणंच अवघड. दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात. कोंबडी घेऊन गेलेल्याकडे लोक बघतात आणि "याच्यापेक्षा नवी स्वस्त पडेल" असा सल्लाही मिळतो. तो हिशोबानं बरोबर असतो आणि तरीही ऐकवत नाही.

ऋतूंचाही त्रास असतो. पावसाळ्यात खुराड्यातला भुसा ओला राहिला की रक्ती हगवण लागते, पिल्लं पटापट जातात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड विषासारखी ठरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कोंबड्यांचे हाल होतात. त्यांना घाम येत नाही, त्या चोच उघडून धापा टाकतात. दाट सावली, दिवसातून दोन-तीनदा बदललेलं गार पाणी आणि जाळीवर टाकलेलं ओलं गोणपाट एवढ्यानंही जीव वाचतो.

माणसालाही जपायला हवं. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कोंबडीला हात लावला की साबणानं हात धुवायचे, विशेषतः लहान मुलांनी. मांडीवर घ्या, पण मुका घेऊ नका.

बर्ड फ्लू : जेव्हा निर्णय आपल्या हातात राहत नाही

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये. पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि परिसरातल्या घरोघरच्या, अंगणातल्या कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात पुन्हा तेच घडलं.

नियम असा, की रोग सापडला की त्या जागेभोवतीच्या ठरावीक परिघातले सगळे पक्षी नष्ट करायचे. तुमची कोंबडी ठणठणीत असली तरीही. सरकार भरपाई देतं, पण ती पक्ष्याची असते, राणीची किंवा चिकूची नसते. रोग माणसांत आणि दूरवर पसरू नये म्हणून हे करावं लागतं. म्हणूनच कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर ते लपवणं, मेलेली कोंबडी ओढ्यात टाकणं किंवा उरलेल्या घाईघाईनं विकणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे. पशुसंवर्धन विभागाला कळवायचं, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवायचं नाही, आणि विल्हेवाट त्यांच्या सांगण्याप्रमाणेच लावायची.

अंडी थांबल्यावर

आता सर्वांत अवघड भाग, जो रीलमध्ये कधीच येत नाही.

रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिल्लं काढण्यापुरती. गावरान कोंबडी साधारण ५० ते ८०. माणसानं निवडून तयार केलेली अंड्याची कोंबडी मात्र वर्षाला ३०० च्या आसपास. तिच्या शरीराला ते झेपत नाही. अंडं आत अडकणं, अंड्याच्या नळीला सूज, पोटात पाणी, हाडं ठिसूळ होणं हे आजार अशा कोंबड्यांत फार दिसतात. ज्या गुणामुळे ती घरात आली, बऱ्याचदा त्यानंच ती आजारी पडते.

आणि जी आजारी पडत नाही, तिची अंडी दुसऱ्या वर्षानंतर दरवर्षी कमी होत जातात. चौथ्या-पाचव्या वर्षी कधीतरी एखादं, पुढे तेही नाही. पण ती जगणार असते आणखी दोन, तीन, कदाचित पाच वर्षं. खाणार तेवढंच, अंडं शून्य.

पोल्ट्रीत ही वेळ येऊच देत नाहीत, साधारण दीड-दोन वर्षांत पक्षी विकून टाकतात. आजीच्या अंगणातही ती येत नसे. अंडी थांबलेली कोंबडी एखाद्या रविवारी किंवा जत्रेला रश्श्यात जायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

हौशी घरात मात्र इथे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "कोंबडीच आहे, कोंबडीसारखं वागवा." दुसऱ्याचं म्हणणं, "चार वर्षं जिला नावानं हाक मारली, तिला कापायचं?" यात खाटीक बोलावून मुलं शाळेत असताना काम उरकणारे असतात, आणि मुलांना सांगतात, "ती गावी गेली." मुलांना खरं कधी ना कधी कळतंच. मग राग कोंबडी मारल्याचा कमी आणि खोटं बोलल्याचा जास्त राहतो.

इथे एकच बरोबर उत्तर नाही. म्हातारी कोंबडी शेवटपर्यंत सांभाळणं हा एक रास्त निर्णय आहे. ती अंडी देत नसली तरी माती उकरते, किडे खाते, खत देते आणि दारात आलेल्या माणसाकडे धावत जाते. घरच्या कोंबडीचं मांस खाणं हाही रास्त निर्णय आहे. तिनं तरी ऊन, माती आणि मोकळी हवा पाहिलेली असते, पोल्ट्रीतल्या ब्रॉयलरला त्यातलं काही मिळत नाही. वाईट आहे तो न घेतलेला निर्णय. म्हणजे अंडी थांबली म्हणून खाणंपिणं कमी करणं, किंवा रात्री गाडीत घालून गावाबाहेर सोडून येणं. सोडलेली कोंबडी रानात जगत नाही, पहिल्याच रात्री कुणाच्या तरी तोंडी लागते.

मग पाळायच्या की नाही?

जागा, वेळ आणि मनाची तयारी असेल तर जरूर पाळाव्यात. पिल्लं आणण्यापूर्वी मात्र काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात.

• एकटी कोंबडी कधीच आणू नये. तो कळपात राहणारा पक्षी आहे, किमान तीन हव्यात.

• खुराड्यात एका कोंबडीला साधारण चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा चौरस फूट जागा धरावी. रात्री बसायला आडवा दांडा, तीन-चार कोंबड्यांमागे अंडी घालायला एक आडोशाची पेटी.

• आधी खुराडं बांधावं, मग पिल्लं आणावीत. उलट क्रम मुंगसाला फार आवडतो.

• पिल्लं सांभाळायचा अनुभव नसेल तर अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तलंगा घ्याव्यात. ऊब द्यायची कटकट नाही आणि त्यात कोंबडा किती निघेल ही धाकधूकही नाही.

• परसात पाळायला गावरान, गिरिराज, वनराज अशा जाती काटक असतात. अंडी पोल्ट्रीच्या जातींपेक्षा कमी, पण त्रासही कमी.

• नवी कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. रोग बहुतेकदा नव्या पाहुण्यासोबत येतो.

• औषध दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत.

• सुट्टीत बाहेरगावी जाताना खुराडं कोण उघडणार आणि कोण बंद करणार, हे आधीच ठरवावं.

आणि शेवटचा मुद्दा खुराड्याच्या खर्चाइतकाच व्यवहाराचा आहे. नर निघाला तर काय, आजारी पडली तर किती खर्च करायचा आणि अंडी थांबली तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी, मुलांसकट, एकत्र बसून द्यावीत. तीही पहिलं पिल्लू घरात यायच्या आधी. कारण तेव्हा ती फक्त 'कोंबडी' असते. महिन्याभरानं तिचं नाव राणी झालेलं असतं आणि मग हाच प्रश्न दसपट अवघड होतो.